आजी गेल्याची बातमी

दुसरीच्या बाईंना शाळेत सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. तशा शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण कुणाचं मूल जेवत नसलं, चावत असलं, अंथरूण ओलं करत असलं, की आया एकमेकींना सांगत, “बाईंना विचार.” कुठल्या बाईंना, हे कुणाला विचारावं लागत नसे.

शाळा चर्चच्या आवारातली, लहानशी, चौथीपर्यंतची. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी शाळा सुटली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पालकांचा तास भरायचा. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसायची. पास्टर छोटीशी प्रार्थना करायचे आणि मग बाई बोलायच्या. छान बोलायच्या. हसवायच्या, मधेच एखाद्या बापाला उभं करून प्रश्न विचारायच्या. गेल्या तासाला विषय होता, मूल खोटं बोललं तर काय करायचं. बाईंनी सांगितलं होतं, आधी स्वतः शांत व्हा, मग खाली बसा, मुलाच्या डोळ्यांत बघा, आवाज चढवू नका, ‘का’ विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तेव्हा मागच्या रांगेतून बेकरीवाली म्हणाली होती, “बाई, सगळं पटतं. पण त्या वेळेला आपल्याच अंगात त्राण नसलं तर?” तिचा मुलगा बाईंच्याच वर्गात होता. ती पहाटे भट्टी पेटवायची आणि संध्याकाळी डोळे मिटत तासाला यायची.

“मुलांसाठी त्राण आणावं लागतं,” बाई म्हणाल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. बेकरीवालीनंही डोलावली.

त्या संध्याकाळी घरी जाताना बाईंना स्वतःचंच वाक्य दाताखाली खडा यावा तसं लागलं होतं. कारण त्राण त्यांच्यातही उरलं नव्हतं. नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. सासूबाईंना वर्षापूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, उलट उजव्या बाजूचं सगळं बळ तिच्यात जमा झालं असावं. त्यांना बघायला ठेवलेली मावशी महिन्याभरापूर्वी काम सोडून गेली, तेव्हापासून खालच्या मजल्यावरची शेजारीण दुपारी एकदा डोकावायची, बाकी सगळं बाईंवर. आणि मुलगी. पहिलीत होती, बाईंच्याच शाळेत. नाव काहीही असो, घरीदारी तिला सगळे ठिणगीच म्हणत.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तसं, त्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. कंपनीनं मुक्काम आणखी तीन महिने वाढवला होता. आवाज तुटत होता. “तू करशील ना सगळं?” एवढंच नीट ऐकू आलं. बाई “हो” म्हणाल्या आणि मग फोन कट झाल्यावर पुन्हा एकदा “हो” म्हणाल्या, कुणालाच नाही.

त्यानंतरच्या बुधवारची ही गोष्ट.

पहिलीच्या वर्गात रोज सकाळी प्रार्थनेआधी मुलांना विचारलं जायचं, आज कुणासाठी प्रार्थना करायची? पहिलीच्या बाई वयानं लहान, नोकरीला नव्या, आणि हा वेळ त्यांच्या फार जिव्हाळ्याचा. मुलं हात वर करायची. कुणाची मांजर लंगडत असायची, कुणाच्या मामाला नोकरी हवी असायची, कुणाचा सदासर्वदा एकच दात दुखायचा. त्या बुधवारी ठिणगीनं हात वर केला आणि उभं राहून स्पष्ट आवाजात सांगितलं, “काल माझी आजी देवाघरी गेली.”

पहिलीच्या बाईंच्या हातातला खडू गळून पडला. त्यांनी ठिणगीला जवळ घेतलं, सगळ्या वर्गाला डोळे मिटायला लावले आणि लांबलचक प्रार्थना केली. मग त्या तडक मोठ्या बाईंच्या ऑफिसात गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी पास्टरांना फोन केला. पास्टरांनी पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. पहिली सुट्टी व्हायच्या आत शाळेच्या निम्म्या घरांत सासूबाई वारल्या होत्या. शाळेत मोबाईल कपाटात ठेवायचा नियम होता, त्यामुळे ही बातमी जिच्या घरातली, तिला सोडून सगळ्यांना पोचली.

सुट्टीत पहिलीच्या बाईंनी व्हरांड्यात बाईंना गाठलं आणि मिठी मारली. त्यांचे डोळे भरले होते. “मला कळलं,” त्या म्हणाल्या. “आणि तरी तुम्ही आज शाळेत आलात.”

बाईंना वाटलं, जहाजाचं प्रकरण फुटलं. ठिणगीनंच सांगितलं असणार. “न येऊन काय करणार?” त्या म्हणाल्या. “आता सवय करून घ्यायची. आणखी काय आपल्या हातात आहे?”

“किती खंबीर आहात हो,” म्हणून पहिलीच्या बाई रडायलाच लागल्या. तेव्हा बाईंनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंड धुवायला नळाकडे पाठवलं.

मग मोठ्या बाई आल्या. त्यांच्या स्वभावात गोडवा कमी होता. पण आज आवाज एकदम मऊ. “तुम्ही ठिणगीला घेऊन घरी जा. तुमचा वर्ग मी घेते. उद्याही आला नाहीत तरी चालेल.”

दुसरा एखादा दिवस असता तर बाईंनी विचारलं असतं की, हे कशापायी? पण त्या दिवशी पाय इतके भरून आले होते, की फुकट मिळालेल्या दुपारीला कारण विचारायची त्यांची छाती झाली नाही. न जाणो, विचारलं आणि परत घेतली तर. त्यांनी पर्स उचलली, ठिणगीचं बोट धरलं आणि निघाल्या. फाटकाशी शाळेचा शिपाई टोपी काढून उभा राहिला. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. मोबाईल कपाटातच राहिला.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना कुशीवर वळवलं, चादर बदलली, पेज भरवली.

“आज लवकर कशी?” सासूबाईंनी विचारलं. “काढून टाकलं काय?”

“सोडलं लवकर.”

“माझ्यासाठी सोडलं असेल तर सांगून ठेव, मला कुणाचे उपकार नकोत.”

“बरं,” बाई म्हणाल्या. पलंगाशेजारी जमिनीवर त्यांनी उशी टाकली. पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून आडव्या झाल्या आणि दगडासारख्या झोपल्या. ठिणगी शहाण्या मुलीसारखी स्वयंपाकघरात जाऊन चित्र काढत बसली. ती इतकी शहाणी का झाली, हा प्रश्न एरवी बाईंना नक्की पडला असता.

उन्हं कलताना बेल वाजली. बाई धडपडत उठल्या. गालावर उशीचे वळ, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. थोडक्यात, घरात दुःख झालेली बाई दिसावी तशाच. दार उघडलं तर समोर पास्टर. मागे बेकरीवाली, तिच्या हातात दोन्ही कानांना फडकी गुंडाळलेलं सूपचं भलंमोठं पातेलं. तिच्या मागे हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या बगलेत मारलेला एक बाप, फुलं घेतलेल्या दोघी-तिघी आया, पहिलीच्या बाई, आणि मग जिन्याच्या वळणापर्यंत नुसती डोकीच डोकी. सगळ्यांचे कपडे गडद, आवाज बंद.

पास्टरांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. “फार सोसलं त्यांनी,” ते म्हणाले. “आता विसावा मिळाला.”

“कुणाला?” बाईंनी विचारलं.

एवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, “कोण आलंय गं? दार लाव, वारा येतोय!”

जिन्यात कुणी हलेना. खुर्च्यावाल्या बापाच्या बगलेतली एक खुर्ची निसटली आणि पायऱ्यांवरून धाडधाड खाली गेली. तिचा आवाज थांबेपर्यंत सगळे तिकडेच बघत राहिले, कारण बाईंकडे बघायची कुणाची तयारी नव्हती.

“त्या... आत आहेत?” पास्टर म्हणाले.

“आत नाही तर कुठे असतील?” बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना सगळं उमगलं. व्हरांड्यातली मिठी, मोठ्या बाईंचा मऊ आवाज, शिपायाची टोपी. एकेक गोष्ट उलटी होऊन समोर आली. त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. चित्राचा कागद टेबलावर होता. ठिणगी नव्हती.

पास्टर मनानं सरळ माणूस. आल्यासारखं भेटून जावं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काळा कोट, हातात पुस्तक, मागे दारात फुलं.

“मी मेले की काय?” त्यांनी विचारलं.

“तसं... कळलं होतं आम्हाला,” पास्टर म्हणाले.

“मला नाही कुणी कळवलं.” सासूबाईंनी डाव्या हातानं खुर्चीकडे बोट केलं. “आलाच आहात तर बसा. माझ्याबद्दल काय बोलणार होतात ते बोला. नंतर मला ऐकायला मिळायचं नाही.”

पास्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. मग पास्टरांनी पुस्तकातून घडी केलेला कागद काढला आणि घसा खाकरून सुरुवात केली, “आपली ही बहीण, मृदू स्वभावाची, मितभाषी...”

“कोण?” सासूबाई म्हणाल्या.

दारातल्या एका आईच्या तोंडून फिस्सकन हसू फुटलं. मग दुसरीच्या. खुर्च्यावाला बाप भिंतीकडे तोंड करून खांदे हलवायला लागला. पास्टरांनी कागद घडी करून परत ठेवला आणि तेही हसले. त्या हशातच कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, “लोका सांगे ब्रह्मज्ञान.” पुढचं बोलायची गरज नव्हती. बाईंच्या कानांवर ते नीट पडलं.

पायाखालची जमीन सरकावी, कानशिलं तापावीत, असं काहीतरी होईल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. तसलं काही झालं नाही. त्यांना फक्त परत झोप यायला लागली. आपल्या घराकडे त्या लोकांच्या डोळ्यांनी बघू लागल्या: दोरीवर आंबट वास मारणारे ओले कपडे, सिंकमध्ये कालपासूनची भांडी, पलंगाखालचं भांडं, सोफ्यावर तपासायच्या वह्या आणि त्यांवर उष्टा चमचा. वर्षभर या दारातून त्यांनी कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “सगळं मजेत.”

“बाई, हे कुठे ठेवू?” बेकरीवाली पातेलं घेऊन अजून उभीच होती. “हात भाजायला लागलेत.”

“तुम्ही ते परत न्या,” बाई म्हणाल्या. “आता ते... त्याची काही...”

“जिवंत माणसंसुद्धा सूप पितात,” बेकरीवाली म्हणाली, आणि स्वयंपाकघरात शिरली. जागा नव्हती म्हणून तिनं शेगडीवरचं दुधाचं भांडं उचलून बाजूला केलं, मग सिंक पाहिलं, मग बाह्या वर केल्या. बाई “राहू द्या” म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. नळाचं पाणी पडायला लागलं होतं.

ठिणगी न्हाणीघरात सापडली. पालथ्या बादलीवर बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. बाईंनी दार आतून लावलं. आधी स्वतः शांत व्हा, त्यांना आठवलं. डोळ्यांत बघा. त्या भिंतीला टेकून ओल्या फरशीवरच बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“मारणार?” ठिणगीनं विचारलं.

“अंगात जोर नाही.”

बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या कुणाला तरी उशी कशी लावायची ते शिकवत होत्या.

“आमच्या वर्गातल्या त्या वेणीवालीची आजी गेली ना,” ठिणगी आपणहून म्हणाली, “तेव्हा तिची आई घरी राहिली. किती दिवस. आणि सगळे त्यांच्याकडे गेले, मोठ्ठी पातेली घेऊन. आपल्याकडे कुणीच येत नाही.”

“म्हणून आजीला मारलंस?”

“मी नाही मारलं!” ठिणगीला रडू फुटलं. “ती खरी मरायला नको होती. सगळ्यांना नुसतं वाटायला हवं होतं.”

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी हात लांब केला आणि पोरीला बादलीवरून ओढून मांडीवर घेतलं. फ्रॉक ओला झाला.

“उद्या वर्गात खरं काय ते सांगायचं,” त्या म्हणाल्या.

“तू येशील?”

“माझा वर्ग असतो गं.” मग तिच्या फ्रॉकचा ओला काठ पिळत म्हणाल्या, “येईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पहिलीच्या वर्गात दाराशी उभ्या राहिल्या. ठिणगीनं हात वर केला, उभी राहिली, आईकडे पाहिलं. “माझी आजी गेली नाही,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. ती घरी आहे आणि तिला सूप आवडलं नाही.”

वर्ग विचारात पडला. मग पुढच्या बाकावरचा एक चष्मेवाला म्हणाला, “मेलेल्या लाजराला उठवायला येशूला चार दिवस लागले होते. हिची आजी संध्याकाळीच उठली.” त्यावर चर्चा इतकी रंगली, की पहिलीच्या बाईंना प्रार्थना उरकून घ्यावी लागली. वेणीवाली मात्र दोन दिवस ठिणगीशेजारी बसली नाही, आणि ते ठिणगीला आईच्या रागापेक्षा जास्त लागलं. बाईंना ते दिसत होतं. पण त्यात त्या पडल्या नाहीत.

मोठ्यांच्या जगात गोष्ट इतक्या लवकर मिटली नाही. एका वकील बापानं ग्रुपवर लिहिलं, ज्यांच्या स्वतःच्या घरी असे प्रकार होतात त्यांनी इतरांना धडे द्यावेत का, हा विचार व्हावा. खाली काहींनी अंगठे उठवले. काहींनी हात जोडलेली चित्रं टाकली, म्हणजे नक्की कुणाच्या बाजूनं ते कळायला मार्ग नाही. मोठ्या बाईंनी बाईंना ऑफिसात बोलावलं.

“मी त्यांना उत्तर देते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तास तुम्हीच घ्यायचा.”

“मला नाही घ्यायचा,” बाई म्हणाल्या.

“अहो, एका माणसाच्या बोलण्यावरून...”

“त्यांच्या बोलण्यावरून नाही. मी दमलेय.” हे वाक्य त्यांनी याआधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर ऑफिसातलं छत काही कोसळलं नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, “मीसुद्धा.” मग दोघींनी चहा घेतला आणि गळक्या छपराबद्दल बोलल्या.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी तास ठेवलाच नव्हता; तरी सवयीनं दहा-बारा जण येऊन बुटक्या खुर्च्यांवर बसले. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर आपापसांतच बोलले. खुर्च्यावाला बाप म्हणाला की तो कामावरून आल्यावर गाडीतच थोडा वेळ काच बंद करून बसतो, घरात शिरायचा धीर येईपर्यंत. कुणी त्याला उपाय सांगितला नाही. एकजण म्हणाली, “मी बाथरूममध्ये बसते.” वकीलही आला होता. तो शेवटपर्यंत थांबला आणि खुर्च्या रचायला हात लावला. बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांच्या मनात सवयीनं दोन-तीन चांगली वाक्यं तयार झाली होती. ती त्यांनी गिळली.

मदतीचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात इतकी आली, की पातेली ठेवायला जागा पुरेना. रोज कुणीतरी सासूबाईंपाशी बसायला यायचं. सासूबाई प्रत्येकीचं नीट निरीक्षण करून ती गेल्यावर निकाल सांगायच्या: ही बोलते फार, ती हात असा लावते जसा काही मी विंचूच आहे, त्या फुलवालीला परत बोलावू नकोस. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. महिन्याभरात ज्याचा तो आपल्या संसाराला लागला. त्यात कुणाचा दोष नव्हता. घरोघरी मातीच्या चुली. शेवटी दोघंच टिकली. पास्टर सोमवारी यायचे, आणि सासूबाई त्यांच्याकडून आपल्यावरचं भाषण दुरुस्त करून घ्यायच्या. आणि बुधवारी भट्टी बंद झाली की बेकरीवाली.

असाच एक बुधवार. बाई शाळेतून आल्या तर आत कडाक्याचं भांडण चाललेलं.

“पिठाला इतका वेळ झोपवून ठेवायचं असतं का कुठे?” सासूबाई म्हणत होत्या.

“आजी, वीस वर्षं हेच करतेय मी.”

“मग वीस वर्षं चुकतेयस.”

बेकरीवालीनं दारातल्या बाईंकडे बघून डोळे मिचकावले आणि सासूबाईंचा उजवा हात पुन्हा मांडीवर घेऊन चोळायला लागली, पीठ मळावं तसा, अंगठ्याच्या बुडानं दाबत. हातात अजून जीव नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आशा धरू नका. तरी ती चोळायची.

नवऱ्याचं जहाज अजून दूर होतं. छताला ओल आली होती. सोफ्यावर वह्यांचा ढीग तसाच होता, फक्त त्याच्यावरचा चमचा कुणीतरी उचलला होता. बाई ढीग थोडा सरकवून टेकल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

ठिणगी येऊन समोर उभी राहिली. “आज गृहपाठ नाहीये,” ती म्हणाली.

गृहपाठ होता. पहिलीच्या बाईंनी बेरजांचे कागद झेरॉक्स केले तेव्हा बाई मशीनपाशीच उभ्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं छताकडे पाहिलं.

“असं?” बाई म्हणाल्या. “मग मी जरा डोळे मिटते. उठले की परत विचारेन.”

ठिणगी थोडा वेळ तिथेच घुटमळली. मग तिनं आईच्या पायांतल्या चपला एकेक करून ओढून काढल्या आणि त्या घेऊन दाराकडे गेली. आतलं भांडण आता मिठावर आलं होतं. बाई ते ऐकत ऐकत झोपल्या.